खालच्या स्पीकरवर माझा आवाज

१२ जुलै, शनिवार

टाळकं फिरलंय. आधी लिहिते, मग भाकरी टाकते.

वैभव, जाऊबाईंचा मुलगा, इंदूरहून आलाय. खालच्या हॉलमध्ये नवा टीव्ही, दोन उंच स्पीकर, टीव्हीमागे साबणाच्या वडीएवढी काळी डबी. घरातले सगळे फोटो, लग्नाच्या सीड्या, व्हिडिओ त्या डबीत भरलेत म्हणे. मोबाईलवर एक चौकोनी खूण दाबली की टीव्हीवर चित्र, स्पीकरवर आवाज. वायर कुठेच नाही. आम्हाला वरून खाली बोलावलं बघायला. मी, हे, आमचा निखिल, त्याची बायको शिखा. चहा झाला, भजी झाली.

आधी वैभवची मुंज लावली, मग माझ्या लग्नाची फिल्म. मग मागच्या वर्षीची कानबाई, श्रावणात घरी देवी बसवतो ती. मी सतरंजीवर बसून गाते आहे, सुपाएवढं तोंड टीव्हीभर. तोंड आधी हलत होतं, आवाज मागून येत होता. वैभव म्हणाला, काकू, स्पीकरवर पोचायला जरा टाइम लागतो, मी बराबर करतो. आवाज काय लागला होता तेव्हा. ऑपरेशनच्या आधीचा. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, लपवत नाही.

दुसरं कडवं आलं आणि स्पीकरमधून मीच म्हटलं, वैभवनी राणी मनीषा. त्याची बायको मनीषा होळीपासून जळगावला माहेरी आहे, कोर्टात केस चालू. वैभवला मोबाईलवर बंद करायचं बटण सापडेना. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

आणि जा.बा. (जाऊबाई) काय बोलल्या? “चला, बरं झालं. यंदा कानबाईला हेच लावू. सुमनला त्रास नको.” माझ्याकडे न बघता. सव्वीस वर्षं गाते मी. सासूबाईंनी गाणं माझ्याकडे दिलं होतं, जा.बां.कडे नाही. मला कुणी विचारलं? सगळ्यांनी माना हलवल्या. यांनी पण हलवली. भजं खात खात.

१४ जुलै, सोमवार

शाळेत तिसरीच्या पोरांवर उगीच ओरडले. त्यांचा काय दोष.

घरी यांच्याशी भांडण. म्हटलं, तुमच्या वहिनींना माझ्या घशाची दया नाही आली, त्यांना शिखाचं नाव नकोय. तर म्हणतात, “तू मला त्यात पाडू नको.” केळीच्या बागेत पाणी सोडायचं होतं म्हणे. हे पाणी सोडायला बरं नेहमी भांडणाच्या टाइमालाच लागतं.

शिखा इथल्याच लालबागची. परजातीची, घरात हिंदी बोलणारी. फेब्रुवारीत निखिलने कोर्टात लग्न केलं, जा.बा. आल्या नाहीत, डोकं दुखत होतं. चालेल. पण कानबाईच्या गाण्यात प्रत्येक सुनेचं नाव गुंफायचं ही आमच्या घरची रीत आहे. ज्या सुनेचं नाव कानबाईपुढे आलं ती या घरची, मग कोणी काही बोलत नाही. सासूबाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी दारात उभी होते. तोपर्यंत मला मोठ्या आत्या “ती नवी” म्हणायच्या. दुसऱ्या दिवसापासून सुमन.

मागच्या वर्षीच्या व्हिडिओत शिखाचं नाव कुठून येणार? तेव्हा निखिलचं लग्नच झालं नव्हतं. हे जा.बां.ना बराबर समजलंय. मशीन लावलं की वाद पण नाही, नाव पण नाही. किती हुशार बाई.

१५ जुलै, मंगळवार

आज चिडून गाऊन पाहिलं. मोरीचं दार लावून वरचा सूर लावला. लागला नाही. फाटला. परत लावला, परत फाटला. डिसेंबरात गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून असंच. डॉक्टर म्हणाले होते, बोलण्यापुरता आवाज येईल. बोलण्यापुरता आलाय, भांडण्यापुरता पण आलाय.

म्हणजे जा.बां.चं अर्धं खरं आहे. याचाच राग जास्त.

२० जुलै, रविवार

आज परत खाली गेले होते.

वैभव शनिवार-रविवार आलाय. मी खाली साखर मागायला गेले (साखर होती घरात, जायचं निमित्त). तो टीव्हीवर तोच व्हिडिओ लावून बसला होता. दुसरं कडवं आलं. वैभवनी राणी. आणि मग काही नाही. स्पीकरमध्ये नुसता टाळ. टीव्हीत माझं तोंड एकदम इकडून तिकडे, मान आधी डावीकडे होती ती उजवीकडे. मग पुढची ओळ.

म्हटलं, हे काय रे?

“काकू, ते नाव कापलं. आईने सांगितलं.”

मला कुणी विचारलं? माझा गळा, माझं तोंड. माझ्या तोंडातून माणूस काढून टाकलं. चार वर्षं त्या पोरीने या घरात कानबाईचे रोट लाटले, माझे पाय चेपले ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधी, जिना चढवत नव्हता तेव्हा. भांडण त्यांचं नवराबायकोचं असेल, मला त्यातलं काही माहीत नाही. पण ती होती. मागच्या वर्षी होती तिथे बसलेली, माझ्या शेजारी, व्हिडिओत तिचा गुडघा दिसतो अजून.

मग मी म्हटलं, बरं, कापता येतं तर घालता पण येत असेल. माझा आवाज घे आता, शिखाचं नाव घाल.

वैभव आईकडे बघायला लागला. जा.बा. आतून भाजी निवडत म्हणाल्या, “काढणं वेगळं वं, घालणं वेगळं.”

साखर घेऊन वर आले. वाटीतली अर्धी जिन्यात सांडली, मुंग्या लागतील, लागू देत.

२१ जुलै, सोमवार

शिखाला सांगितलं सगळं. ती म्हणते, “रहने दो ना मम्मी, नाम से क्या होता है.”

तिच्यावर पण चिडले. म्हटलं, तुला काही होत नसेल, मला होतं. ती आत गेली. नंतर वाईट वाटलं. ती काय माझ्याशी भांडायला आली आहे का.

२४ जुलै, गुरुवार

संध्याकाळी शिखा मोबाईल घेऊन आली. म्हणाली, वैभव भैय्या नाही घालत तर आपण घालू. तुम्ही म्हणा, मी रेकॉर्ड करते, रोज थोडं थोडं, एक तरी चांगलं निघेल. ही तीच पोर जी सोमवारी नाम से क्या होता है म्हणत होती. मी काही बोलले नाही. नाहीतर परत आत जाईल.

तिने मला पण शिकवलं. आपल्या वरच्या टीव्हीवर कसं सोडायचं. तो चौकोन, कोपऱ्यात तीन वाकड्या रेघा. दाबलं की यादी येते, कुठे सोडायचं ते विचारतं. गोल गोल फिरतं, मग येतं. चार वेळा केलं, चारही वेळा जमलं. तीस वर्षं पोरांना शिकवते, मला पण शिकता येतं म्हणायचं.

कडवं मी रचलं तिच्यासाठी. ताप्तीपलीकडून नाही, लालबागेतून आली, असं काहीतरी. बसत नव्हतं, मग बसलं. ती म्हणाली, “लालबाग भी आ गया?” आणि हसली. या घरात पहिल्यांदा तिला असं हसताना पाहिलं, निखिल असतानाच हसते एरवी.

२७ जुलै, रविवार

गोंधळ झाला. माझ्याच हाताने. जीव नकोसा झालाय.

दुपारी शिखा झोपली होती. कालचं रेकॉर्डिंग बघावं म्हणून मी तिचा मोबाईल घेतला, चौकोन दाबला, यादी आली. चष्मा ओट्यावर राहिला होता. आपला टीव्ही वाटून पहिलं नाव दाबलं. गोल गोल फिरलं. आपल्या टीव्हीवर काहीच नाही. मी परत दाबलं, आवाज वाढवायचं पण दाबलं.

मग जमिनीखालून माझा आवाज आला.

यादीत पहिलं नाव “हॉल टीव्ही”. वायफाय एकच ना, खालचा राउटर. खाली भाऊजी, जा.बा., त्यांच्या दोन भाच्या जेवायला आलेल्या. उंच स्पीकरवर माझं फाटकं कडवं, शिखाच्या नावासकट. वर गेलेला सूर, तुटलेला, मग खोकला. आणि खोकल्यानंतर मी जे बोलले ते पण. रेकॉर्डिंग बंद करायचं विसरलो होतो आम्ही. “ऐकू दे त्या बाईला एकदा, भाजी निवडता निवडता लोकांच्या सुना निवडते.” हे पूर्ण. दोन स्पीकरवर.

मला बंद करता येईना. शिखाला उठवलं, तिने एका बोटाने केलं. आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो. खालून काही आवाज नाही. भांड्याचा पण नाही.

हे शेतातून आले, खालून वर आले, म्हणाले, “काय केलंस?” म्हटलं, बरं केलं. मनात नव्हतं तसं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज जा.बा. वर आल्या. स्वतः. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी तयारीत होते, त्या बोलतील मग मी बोलेन, सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, गार पाणी घेतलं. म्हणाल्या, “सुमन, परवा आवाज ऐकला तुझा. मला माहीत नव्हतं इतका गेलाय. म्हणूनच म्हणते, मशीनच लावू. सगळे भाऊबंद येतील, तुझंच हसं होईल.”

आणि उठल्या. “सुना निवडते” बद्दल एक शब्द नाही. शिखाने आणलेला चहा तसाच ठेवून गेल्या, साय आली त्यावर.

शिवी दिली असती तर परवडलं असतं. मला दया दाखवून गेली ती बाई, माझ्याच घरात. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी काय केलं तर त्यांचा ग्लास घासत बसले. दोनदा घासला.

३१ जुलै, गुरुवार

रोटाचे गहू. खाली सगळ्या बायका निवडायला बसल्या. शिखा पण आली माझ्याबरोबर, पदर घेऊन, हात धुऊन. सुपाकडे हात केला तर जा.बा. म्हणाल्या, “तू राहू दे बेटा, तुला सवय नाही.” बेटा म्हणाल्या. शिखाने हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवून तासभर बसून राहिली, सगळ्यांचे हात बघत.

रोट भाऊबंदातच खायचे असतात, परक्याला देत नाहीत. गहू परक्याच्या हाताला लागू नये म्हणून “सवय नाही”. समजत नाही का मला. तिला पण समजलं. जिन्यात म्हणाली, “मम्मी, गेहूँ तो मैं मायके में रोज़ बीनती थी.”

मी ठरवलंय. मशीन लावा. लावा खुशाल. दुसऱ्या कडव्यात मनीषाच्या नावाची जागा रिकामी आहे, नुसता टाळ. तिथे मी बसल्या जागेवरून शिखाचं नाव म्हणेन. वरचा सूर नाही तिथे, खालचाच आहे, जमेल. एक शब्द तर म्हणायचा. हसू देत हसायचं त्यांना.

शिखाला सांगितलं. ती म्हणाली, पक्का? म्हटलं, पक्का.

२ ऑगस्ट, शनिवार

शाळेतून लवकर सुटी घेतली. पुरण, कोहळ्याची भाजी, खीर, सगळं सकाळी उठून करायचं. खाली मखर झालं. वैभवने टीव्ही मखराच्या बाजूला सरकवला, स्पीकर दोन्हीकडे. रंगीत तालीम म्हणून सगळं लावलं. तोंड आणि आवाज आता एकदम येतात. मी दुसरं कडवं आलं की मनात म्हणून बघितलं. बसतं नाव. शिखा. दोन अक्षरी, टाळाच्या दोन ठोक्यांत बराबर बसतं.

वैभव त्या जागेवर दर वेळी मोबाईलकडे बघतो. काही करत नाही, नुसता बघतो.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

लिहू की नको.

कानबाई बसली. नारळाला नथ, हिरवी साडी, दागिने. छान दिसत होती. सगळे भाऊबंद आले, इच्छापूरचे पण. पाच वाजता आरती, मग जा.बां.नी वैभवला खूण केली. टीव्हीवर मी. मखराशेजारी मी, सतरंजीवर मी. इच्छापूरच्या काकू मला म्हणाल्या, आता तुला बरं, आराम. मी हसले.

शिखा दाराशी उभी. जांभळी साडी, मीच दिलेली. निखिल तिच्यामागे.

पहिलं कडवं. जा.बां.चं नाव, माझं नाव. दुसरं सुरू झालं. वैभवनी राणी. टाळ आला. मी तोंड उघडलं.

मनीषा म्हटलं.

मनीषा. मोठ्याने, फाटक्या आवाजात, स्पीकरपेक्षा मोठ्याने. चार वर्षांची जिभेची सवय, ती ओळ आली की तेच येणार. दुसरं काही येणं शक्यच नव्हतं आणि हे मला काल कळायला हवं होतं, मनात म्हणून बघताना. वैभवनी राणी या शब्दांपुढे शिखाचं नाव कसं म्हणणार होते मी? ती निखिलची बायको. कसली अक्कल माझी. राग राग करून डोकं बंद पडलं होतं.

पुढचं टीव्हीतली मी गात राहिले. जा.बां.चा चेहरा पांढरा. वैभव उठून मागच्या दाराने बाहेर गेला, चप्पल न घालता. शिखाकडे मी बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

नंतर बायका एकमेकींना वाढत होत्या तेव्हा वैभव आत आला, माझ्यापाशी वाकला. मला वाटलं आता ऐकवेल. तो हळूच म्हणाला, “काकू, तिचं नाव होतं ते जुनं मी डिलीट केलंय. तुम्ही म्हटलं ते कोणी रेकॉर्ड केलं का?” मी म्हटलं नाही. तो बरं म्हणाला आणि पत्रावळी उचलायला लागला.

त्याच्यावर चिडायला गेले, चिडता आलं नाही. सगळा राग माझ्याकडेच परत आला.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळचे साडेसात. दहाला कानबाई उचलायची, ताप्तीवर न्यायची. उचलायच्या आधी एकदा गाणी होतात. खाली परत मशीन लावणार आहेत, वैभव टीव्ही पुसताना दिसला.

रात्री शिखा माझ्याशी बोलली नाही. सकाळी पण नाही. चहा आणून ठेवला, मी वही घेऊन बसले होते, समोर बसली. मी म्हटलं, बेटा, चुकलं माझं.

ती म्हणाली, “मम्मी, वो जगह मेरी थी ही नहीं ना? वो तो मनीषा भाभी की थी.”

हो म्हटलं.

“तो मेरी कौनसी है?”

म्हटलं, तिसरं कडवं. दुसरं संपलं की निखिलचं नाव, मग तुझं. पण ते व्हिडिओत नाही. दुसरं संपलं की मी सरळ आरतीवर जाते, मधे श्वास पण घेत नाही. मशीनमध्ये तुझ्यासाठी जागाच नाही. मी म्हणायचं तर ते आधी बंद करावं लागेल. सगळ्या भाऊबंदांसमोर, कानबाई बसलेली असताना, जा.बां.च्या हॉलमध्ये. आणि मग पूर्ण कडवं, वरच्या सुरासकट, माझ्या या गळ्याने.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली आहे, तोंडावर दिसतं, पण कुणावर ते सांगत नाही. मग पदराला पुसून मोबाईल हातात घेतला, चौकोन दाबला, यादी उघडून माझ्यासमोर धरली. पहिलं नाव हॉल टीव्ही.

“बंद तो मैं दरवाज़े में खड़ी-खड़ी कर दूँगी,” म्हणाली. “आगे का आप देख लो.”

आणि जांभळी साडी नेसायला आत गेली. चहा गार झालाय. मी कोमट पाण्यात मीठ घालून बसले आहे, अजून एक गुळणी पण केलेली नाही.